वस्तऱ्यासाठी चामडी पट्टा घेताना

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर जॉन जोसेफ मेकी नावाच्या व्यापाऱ्याचे सुऱ्या-कात्र्यांचे दुकान होते. १८३० नंतरच्या दशकात त्याने वस्तरा परजायचा एक चामडी पट्टा ‘जादूचा पट्टा’ म्हणून विकायला काढला आणि दहा वर्षांत तो बक्कळ श्रीमंत झाला. त्या पैशातून १८४१ मध्ये त्याने एसेक्समधल्या टिपट्री इथे जमीन घेतली आणि पुढे सुधारित शेतीचे प्रयोग करणारा म्हणून नाव कमावले. क्रिमियाच्या युद्धानंतर इंग्लंडात दाढ्या राखायची टूम निघाली, तेव्हा पट्ट्याचा खप उतरला. मेकीच्याही आधी, १७९० च्या दशकात, जॉर्ज पॅकवुड याने पट्टे आणि त्यावर चोळायचा लेप यांच्या जाहिरातींचा वर्तमानपत्रांतून असा सपाटा लावला होता की १७९६ मध्ये त्याने त्या जाहिरातींचेच पुस्तक छापले.

जादू आजही विकली जाते. घोड्याच्या पुठ्ठ्याचे चामडे, कांगारूचे चामडे, बर्च झाडाचे तेल मुरवलेले रशियन पद्धतीचे चामडे अशी वर्णने आणि त्यांच्या किमती पाहून वस्तऱ्याकडे नव्याने वळलेला माणूस गोंधळून जातो. त्याला द्यायचा सल्ला मात्र साधा आहे. पहिला पट्टा रुंद, सपाट, गुळगुळीत आणि स्वस्त घ्यावा. धार टिकते ती सावकाश बसवलेल्या हातामुळे. चामड्याचा वाटा त्यात दुय्यम असतो.

इथे कोणत्या वस्तऱ्याबद्दल बोलणे चालले आहे, ते आधी स्पष्ट हवे. आपल्याकडच्या सलूनमध्ये आता जो वस्तरा दिसतो, त्यात दाढीचे ब्लेड अर्धे मोडून बसवतात आणि गिऱ्हाइकागणिक बदलतात. त्याला पट्टा लागत नाही. पट्टा लागतो तो अखंड पोलादी पात्याच्या वस्तऱ्याला, जो पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत असायचा आणि जर्मनीतल्या झोलिंगेन किंवा फ्रान्समधल्या तिएर या गावांत आजही बनतो. इंग्लंडातल्या शेफील्डचे जुने वस्तरे बाजारात अजून फिरतात. आजोबांच्या पेटीतून निघालेला वस्तराही बहुधा याच घराण्यातला.

आता पट्टा नेमके काय करतो ते पाहू. धार लावणे हे दगडाचे काम. दगडावर वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवून घासतात, त्यामुळे धारेचा कोन पात्याच्या घडणीतच ठरून गेलेला असतो. साध्या चामड्यावर पोलाद जवळपास झिजतच नाही. दाढी करताना धारेची अतिशय पातळ कड इकडेतिकडे कलते, तिच्यावर साबण, पाणी आणि गंज यांचा सूक्ष्म थर बसतो. चामडे ती कड सरळ करते आणि थर पुसून काढते. म्हणून बोथट वस्तरा पट्ट्यावर कितीही घासला तरी तो बोथटच राहतो. नवा वस्तरा कारखान्यातून आला तरी तो दाढीला तयार असतोच असे नाही. विकत घेताना हे विचारून घ्यावे आणि तयार नसेल तर आधी दगडाची सोय करावी. पुष्कळ नवखे लोक पहिल्याच दाढीत गाल सोलून घेतात आणि दोष पट्ट्याला देतात. खरे कारण वस्तरा तयार नसणे हेच असते.

अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जानलुका रॉशोली, जेम तासान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाबतीत एक डोळे उघडणारे काम केले. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी पोलादाची धार जाते कशी, हा त्यांचा प्रश्न होता. रॉशोली यांनी स्वतःची दाढी करून दर वेळी पात्याची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धार गुळगुळीत झिजून गोलसर होत असेल अशी अपेक्षा होती, पण दिसले ते बारीक टवके. पोलादाची घडण सगळीकडे सारखी नसेल, केस तिरका वाकलेला असेल आणि तो नेमका धारेच्या कमकुवत जागेवर भिडला, तर तेवढा एक केससुद्धा टवका उडवतो. प्रयोग साध्या टाकाऊ रेझरच्या पात्यांवर झाला होता, अखंड वस्तऱ्यावर नव्हे, पण त्यातून एक उपयोगी गोष्ट कळते. उडालेला टवका पट्ट्याने भरून येत नाही. तो दगडावरच निघतो. आणि दाढी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने नीट भिजवली तर केस मऊ पडून धारेवरचा भार कमी होतो. पट्ट्यावरची मेहनत वाचवायची असेल तर सुरुवात पाण्यापासून करावी.

पट्ट्याचे मुख्य प्रकार दोन. एक टांगायचा, दुसरा लाकडी फळीवर चिकटवलेला. टांगायच्या पट्ट्याला वरच्या टोकाला कडी असते, खालच्या टोकाला मूठ. बहुतेक चांगल्या पट्ट्यांत दोन पदर असतात, एक चामड्याचा आणि एक जाड सुती किंवा लिनन कापडाचा. फळीचा पट्टा प्रवासाला सोयीचा आणि नवख्याला सोपाही, कारण तो सैल पडायचा प्रश्नच येत नाही. तरी ज्याला रोज वस्तरा वापरायचा आहे त्याने टांगायचाच घ्यावा. त्याची लांबी जास्त, फेरा सलग होतो, आणि कापडाचा पदर आपोआप मिळतो.

रुंदीबद्दल थोडे काटेकोर असावे. वस्तऱ्याचे पाते साधारण सात ते साडेसात सेंटिमीटर लांब असते. पट्टा साडेसात सेंटिमीटर रुंद असेल तर अख्खे पाते एका वेळी टेकते आणि फेरा सरळ मारता येतो. साडेसहा सेंटिमीटरचा पट्टाही चालतो, पण मग प्रत्येक फेऱ्यात पाते बाजूलाही सरकवावे लागते. आधी मुठीकडचा भाग टेकवायचा आणि जाता जाता पाते असे ओढत न्यायचे की शेवटी टोकाचा भाग चामड्यावरून निघावा. जुने लोक हेच करायचे आणि पात्याला किंचित वक्रता असेल तर हाच फेरा बरा. पण हात नवा असताना दोन दिशांचे भान ठेवणे जड जाते. चामड्याची जाडी अडीच ते चार मिलिमीटर पुरे. हाताला धरायची लांबी सोडून चाळीस-पन्नास सेंटिमीटर चामडे मोकळे मिळायला हवे.

चामडे कसे कमावले आहे हा प्रश्न ते कोणत्या जनावराचे आहे यापेक्षा महत्त्वाचा. झाडांच्या सालींनी कमावलेले चामडे घट्ट, सरळ आणि तेल धरून ठेवणारे असते. पट्ट्यासाठी परंपरेने तेच वापरले जाते. क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि लवचीक, जोड्यांना छान, पट्ट्याला ढिले. वरून रंगाचा किंवा प्लास्टिकचा थर दिलेले चामडे तर घेऊच नये. त्या थरावरून पाते नुसते घसरते. घरातला जुना कमरेचा पट्टा टांगून काम भागेल का, असे बरेच जण विचारतात. बहुतेकदा नाही. तो अरुंद असतो, कडांना शिवण असते, वरती लकाकीचा थर असतो आणि वर्षानुवर्षे कमरेला बसून तो वाकलेला असतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला एक जवळची वाट आहे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. त्यात म्हशीचे चामडेही असते. एखाद्या कारागिराकडून पाठीच्या भागातला, सुरकुती किंवा गोचिडाचा डाग नसलेला, एकसारख्या जाडीचा तुकडा सरळ कापून घेतला तर कामचलाऊ पहिला पट्टा थोडक्या पैशांत होतो. म्हशीच्या चामड्याचा पोत जरा भरड असतो. ते पाटावर पसरून बारीक पॉलिश कागदाने हलके घासावे, धूळ पुसावी आणि काचेची बाटली दाबून पुन्हा पुन्हा फिरवावी. पोत बसतो, पृष्ठभाग आवळला जातो. दुसरी वाट कानपूरची. १८६० च्या दशकात तिथे लष्करासाठी खोगीर आणि लगाम बनवणारा सरकारी कारखाना निघाला आणि खोगिराच्या कामाची तिथली परंपरा अजून चालू आहे. लगामासाठी लागणारे घट्ट, तेल दिलेले चामडे वस्तऱ्याच्या पट्ट्यालाही उत्तम जमते. विलायती पट्टेसुद्धा बऱ्याचदा लगामाच्याच चामड्याचे असतात.

घोड्याच्या पुठ्ठ्याच्या चामड्याची मग एवढी ख्याती का? ते फार दाट, त्यावर पाते काचेवरून सरकावे तसे जाते. गाईम्हशीच्या तेलकट चामड्यावर पाते किंचित ओढले जाते. दोन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या आवडीच्या. दाढीच्या गुळगुळीतपणात त्यामुळे जो फरक पडतो तो मुरलेल्या हाताला जाणवेल, नवख्याला नाही. स्वस्त घ्या म्हणण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते टळणारे नाही. पहिल्या काही आठवड्यांत पट्टा कापला जातो. जवळजवळ प्रत्येकाचा जातो. महागाच्या चामड्यावर पडलेली चीर बघवत नाही, आणि मग माणूस घाबरत घाबरत पाते उचलून धरू लागतो, जे आणखी वाईट.

वापरायची रीत आता सावकाश पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पट्टा टांगायचा खिळा किंवा हूक भिंतीत पक्का हवा. ओढताना हूक निसटला तर हातात उघडे पाते असते, हे विसरू नये. उंची पोटाच्या पातळीला. डाव्या हाताने मूठ धरून पट्टा ताणून ठेवायचा, जवळजवळ आडवा. सैल पट्टा झोळीसारखा लोंबला की पाते जाता जाता त्याच्यात बुडते, चामडे धारेला वळसा घालते आणि धार सरळ व्हायच्या ऐवजी गोल होते. दोन-चार दिवसांत वस्तरा ओढायला लागतो आणि कारण कळत नाही.

वस्तऱ्याची शेपटी, म्हणजे पाते आणि मूठ यांच्या मधला भाग, अंगठा आणि तर्जनी यांत धरायचा. मनगट वळवायचे नाही. पाते उलटायचे ते या दोन बोटांत शेपटी गोल फिरवून, पेन्सिल फिरवतात तशी. पाते चामड्यावर आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या असाव्यात. आता पाठ पुढे, धार मागे. स्वतःपासून दूर ढकलताना पाठ समोरच्या दिशेला असते, धार आपल्याकडे. टोकापाशी पोहोचलात की थांबा. पाठ चामड्यावरून न उचलता पाते पाठीवर लोळवा, म्हणजे धार हवेतून वर येऊन पलीकडे जाईल. मग पाठ पुढे ठेवून आपल्याकडे ओढा. जाणे आणि येणे मिळून एक फेरा.

कापला जातो तो पट्टा याच टोकाच्या क्षणी. पाते अजून पुढे चाललेले असते आणि हात उलटायची घाई करतो. धार पुढच्या दिशेला वळते आणि चामड्यात रुतते. चीर बहुधा अर्धचंद्राकार पडते, पट्ट्याच्या कडेला. सिनेमातला न्हावी फटफट आवाज करत वस्तरा पट्ट्यावर आपटतो, ते पडद्यावर छान दिसते. घरी तसे करू नये. पहिला महिनाभर एका फेऱ्याला दोन-तीन सेकंद घ्यावेत. वेग आपोआप येतो, तो आणायचा नसतो. दाब पात्याच्या वजनाइतका, त्याहून थोडासाच जास्त. बोटांना चामड्याचा स्पर्श जाणवायला हवा, ते दबलेले जाणवता कामा नये.

कानही उपयोगी पडतो. फेरा नीट चालला की दोन्ही दिशांना सारखाच, मऊ ‘सर्र’ असा आवाज येतो. एका दिशेला तो कर्कश झाला तर पाठ उचलली गेली आहे. आवाजच आला नाही तर धार टेकलेली नाही. आरशात बघण्यापेक्षा हे ऐकणे जास्त खात्रीचे.

दाढीच्या आधी कापडाच्या पदरावर वीस-तीस फेरे, मग चामड्यावर पन्नास-साठ. दाढी झाल्यावर पाते धुऊन, मऊ फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसून, कापडावर आठ-दहा फेरे मारले की उरलेले पाणी आणि साबण निघून जातो. पांढऱ्या कापडावर तेव्हा करडी रेघ उमटते. ती साबणाचा मळ आणि गंजाची सुरुवात यांची असते. न पुसता मिटलेल्या वस्तऱ्याच्या धारेवर तीच राहिली असती. सरावासाठी पूर्ण बोथट झालेला एखादा जुना वस्तरा मिळाला तर सोन्याहून पिवळे. जुन्या बाजारात तसा मिळतो आणि हात बसेपर्यंत चांगल्या पट्ट्याचे व चांगल्या पात्याचे रक्षण करतो. पूर्वीचे न्हावी शेवटचे काही फेरे स्वतःच्या तळहातावर मारत. ज्यांनी आयुष्यभर ते केले त्यांना ते शोभे. घरगुती वापर करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

लेपांबद्दल पॅकवुडच्या काळापासून गैरसमज आहेत. हिरवा क्रोमियम ऑक्साइड किंवा हिऱ्याची अतिसूक्ष्म भुकटी ही खरोखर पोलाद कापते, म्हणजे तो एक प्रकारचा फार बारीक दगडच झाला. रोजच्या चामड्यावर लेप चोळला की ते चामडे रोज धार झिजवू लागते, आणि धारेला गोलाई यायला वेळ लागत नाही. एकदा चोळलेला लेप चामड्यातून पूर्ण निघतही नाही. लेप लावायचाच तर वेगळ्या फळीवर, बाल्साच्या लाकडावर किंवा कापडाच्या वेगळ्या पट्टीवर लावावा आणि दाढी ओढायला लागल्यावर दहा-पंधरा फेरे, एवढाच वापर ठेवावा. लेपांचे रंग निरनिराळ्या उत्पादकांचे निरनिराळे असतात. काही कांड्या तर धारेसाठी नसून चामडे मऊ ठेवण्यासाठी असतात. रंग बघून घेऊ नये, वेष्टनावर कणांचा आकार वाचावा.

पट्ट्याची निगा सोपी आहे, फक्त नियमित हवी. वापरायच्या आधी स्वच्छ, कोरडा तळहात चामड्यावरून चार-पाच वेळा दाबून फिरवावा. हाताची ऊब आणि तेल एवढेच चामड्याला रोज पुरते. तेल ओतू नये. तेलाने भिजलेले चामडे लिबलिबीत होते. फार कोरडे पडले तर वर्षातून एखाद-दोनदा चामड्याचे तेल फडक्यावर थेंबभर घेऊन पुसावे आणि रात्रभर मुरू द्यावे. घडी घालून ठेवू नये, घडीची रेघ जात नाही. कडेला छोटी चीर पडली तर उचकटलेला पापुद्रा धारदार पात्याने छाटून बारीक पॉलिश कागदाने जागा सपाट करावी. चीर मधोमध आणि खोल असेल तर लवचीक डिंकाचा पातळ थर आत भरून, वर वजन ठेवून वाळवावी आणि मग घासावी. उंचवटा राहिला नाही म्हणजे झाले.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू पावसाळा. सालींनी कमावलेल्या चामड्यावर दमट हवेत पांढरी बुरशी चार दिवसांत येते. न्हाणीघरात पट्टा टांगून ठेवणे म्हणजे तिला आमंत्रणच. तो हवेशीर खोलीत, उन्हाच्या झळेपासून दूर टांगावा. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वारा द्यावा. पातेही याच दिवसांत गंजते, कारण बहुतेक अखंड वस्तरे गंजणाऱ्या कार्बन पोलादाचे असतात. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पात्याला पुसावा. खोबरेल तेल कालांतराने चिकट होते, ते टाळावे. दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर जायच्या आधी हे तेल पुसायचे मात्र लक्षात ठेवावे, नाहीतर ते चामड्यात जाते.

वस्तरा आणि पट्टा दोन्ही एकाच माणसाचे असावेत, बापलेकांतही वाटून घेऊ नयेत. कातडी फाटली की रक्ताचा अंश धारेवरून पट्ट्यावर जातो, आणि कावीळ-बी किंवा एचआयव्ही यांसारखे आजार रक्तातून पसरतात. पाते निर्जंतुक करता येते, चामडे उकळता येत नाही.

पट्टा नीट वापरूनही दाढी ओढायला लागली, लेपाचे फेरे मारूनही सुधारली नाही, तर वस्तरा दगडावर न्यायची वेळ आली. किती महिन्यांनी येईल ते दाढीच्या राठपणावर, पोलादावर आणि हातावर ठरते. त्यासाठी चार हजार, आठ हजार आणि बारा हजार क्रमांकांचे पाण्याचे दगड लागतात. धारेत टवके दिसत असतील तर एक हजारपासून सुरुवात करावी लागते. दारावर सायकल घेऊन येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर वस्तरा कधीही देऊ नये. त्या सुक्या चाकावर पाते तापते, कड निळसर पडते आणि पोलादाचे पाणी उतरते. विळी-कात्रीला तेवढी धार चालते, कारण त्यांची कड जाड असते. वस्तऱ्याचे पाते मधे कागदासारखे पातळ घासलेले असते, त्याला ती उष्णता सोसत नाही. दगडाचे काम येत नसेल तर ते येणाऱ्या माणसाकडे वस्तरा पाठवावा, आणि तो परत आला की पहिल्या दाढीपूर्वी कापड आणि चामडे, दोन्हींवरचे फेरे पूर्ण मारावेत.